आखाड्याची शिस्त, मुलांची सुरक्षितता

कराटे, ज्युदो, तायक्वांदो आणि कुस्ती शिकणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासाठी आवश्यक माहिती

प्रतिनिधी, भिवंडी

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शहरात नव्या वर्गांचे फलक झळकू लागतात. धामणकर नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि शाळांच्या कुंपणावर ‘कराटे’, ‘तायक्वांदो’, ‘किक बॉक्सिंग’, ‘स्वसंरक्षण’ हे शब्द ठळक अक्षरांत दिसतात. कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे गृहसंकुलाच्या गच्चीवर, तर कुठे यंत्रमाग हलविल्यानंतर मोकळ्या झालेल्या गाळ्यात हे वर्ग भरतात. पालक चौकशीला जातात ती शुल्काची, वेळेची आणि ‘ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळेल’ याची. वर्गात मुलाने कसे वागावे आणि शिक्षकाने त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

वास्तविक या विद्येत हाच प्रश्न पहिला आहे. क्रिकेट वा खो-खो खेळताना दुखापत हा अपघात असतो. युद्धकलेत मात्र प्रहार करणे, पाडणे, सांधा पिरगळणे हाच अभ्यासक्रम असतो. एका मुलाचे शरीर सरावासाठी दुसऱ्या मुलाच्या हाती सोपविलेले असते. त्यामुळे येथील शिष्टाचार हा शोभेचा भाग ठरत नाही. दुखापत टाळण्याची ती सर्वांत जुनी आणि बिनखर्चिक व्यवस्था आहे.

तालमीचा वारसा

हा शिष्टाचार जपानी किंवा कोरियन पद्धतींबरोबर आपल्याकडे आला, अशी अनेकांची समजूत आहे. ती अर्धवट आहे. महाराष्ट्रातील तालमींना स्वतःचे नियम फार पूर्वीपासून होते व आजही आहेत. पादत्राणे दाराबाहेर ठेवावीत, हौद्यात उतरण्यापूर्वी मातीला हात लावून तो कपाळी न्यावा, वस्तादांना नमस्कार करावा, जोड सुरू करण्यापूर्वी सलामी द्यावी, हे नियम नव्या पोराला पहिल्याच दिवशी कळतात. हौदा खणण्याचे, माती सारखी करण्याचे काम पैलवानांनी स्वतः करावयाचे असते. त्यातून अंग तापते आणि मातीत दडलेला खडाही हाताला लागतो. थोडक्यात, आज ज्याला मैदानाची सुरक्षा तपासणी म्हणतात, ती तालमीच्या रिवाजातच गुंफलेली आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, तर दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ ची आणि पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा १९६१ ची. या संस्थांनी वस्तादाच्या तोंडी असलेल्या नियमांना लेखी आणि सार्वजनिक रूप दिले. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा झाली. मुली आखाड्यात उतरल्या, तसा या शिष्टाचारात नव्या कलमांची भर घालण्याची गरजही स्पष्ट झाली. त्याचा विचार पुढे केला आहे.

नमन कशासाठी?

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान संस्था स्थापून ज्युदोचा पाया घातला. जुन्या जपानी जुजुत्सूमधील घातक डाव त्यांनी सरावातून वगळले आणि पूर्ण ताकदीने तरीही सुरक्षितपणे सराव करता येईल अशी पद्धत बसविली. प्रतिस्पर्ध्याच्या हितात आपले हित पाहावे, हे त्यांच्या शिकवणुकीचे एक मुख्य सूत्र होते. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात पाचारण केले होते. ओकिनावाची कराटे विद्या १९२२ मध्ये टोकियोत नेणारे गिचिन फुनाकोशी यांनीही सरावाचा प्रारंभ आणि शेवट आदरानेच व्हावा, असा आग्रह धरला.

या पद्धतींत वर्गात शिरताना, शिक्षकासमोर आणि जोडीदारासमोर कमरेतून किंचित वाकून नमन करतात. केरळच्या कळरीपयट्टूमध्ये विद्यार्थी उजवा पाय आत टाकून जमिनीला स्पर्श करतो. तालमीत हनुमंताच्या तसबिरीसमोर हात जोडले जातात.

भिवंडीसारख्या शहरात या बाबतीत थोडे तारतम्य हवे. येथील वर्गांत आगरी, कोकणी मुस्लिम, तेलुगू पद्मशाली आणि उत्तर भारतीय कुटुंबांतील मुले एकाच रांगेत उभी असतात. जोडीदारासमोर वाकणे म्हणजे पूजा नव्हे, ते ‘मी तुला इजा करणार नाही’ असे दिलेले वचन आहे, हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. एखाद्या मुलाला वा पालकांना संकोच वाटत असेल, तर उभ्याने हात छातीशी नेऊन किंवा हस्तांदोलन करून तोच भाव व्यक्त करता येतो. मूर्ती वा तसबिरीसमोर झुकण्याची सक्ती कोणत्याही विद्यार्थ्यावर असू नये. रमजानच्या काळात उपवास करणाऱ्या मुलांना दुपारच्या कडक सरावातून सवलत द्यावी. तोच नियम नवरात्रात उपवास धरणाऱ्यांनाही लागू करावा.

या शहराला सलोख्याचे मोल वेगळे सांगावयास नको. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर येथे उभारलेल्या मोहल्ला समित्यांचा प्रयोग देशभर अभ्यासला गेला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. वेगवेगळ्या वस्त्यांतील मुले एकमेकांना पाडून पुन्हा हात देऊन उठवितात, अशा जागा शहरात फार थोड्या आहेत. व्यायामाचे वर्ग त्यांपैकी एक आहेत.

वर्गात येताना

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी अंगवळणी पाडून घ्याव्यात.

१) पाच-दहा मिनिटे आधी यावे. अंग तापविण्याच्या व्यायामाशिवाय थेट सरावात उतरल्यास स्नायू व सांधे दुखावतात. उशीर झाल्यास कडेला उभे राहून शिक्षकांची परवानगी घ्यावी, स्वतंत्रपणे अंग मोकळे करावे आणि मगच रांगेत जावे.

२) हातापायांची नखे कापलेली असावीत. लांब केस मऊ रबराने बांधावेत. क्लिप वा पिना नकोत.

३) कानातील डूल, चेन, अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. श्रद्धेपोटी जे काढता येत नाही, ते चिकटपट्टीने झाकून घ्यावे किंवा त्या दिवशी जोडीचा सराव टाळावा.

४) गणवेश धुतलेला व वाळलेला असावा. ‘पट्टा धुतला की विद्या जाते’ हा समज निराधार आहे. घामट पट्टा जंतूंचे घर बनतो.

५) चष्मा असल्यास जोडीच्या सरावापूर्वी काढावा आणि नजर किती अधू आहे हे शिक्षकांना सांगावे.

६) दमा, फिट येणे, हृदयाचा विकार, मधुमेह, जुना अस्थिभंग, चालू असलेली औषधे यांची माहिती प्रवेशअर्जात दडवू नये. दम्याचा पंप दप्तरात नव्हे, शिक्षकांच्या हाताशी ठेवावा.

७) ताप, जुलाब वा त्वचारोग असल्यास घरी राहावे. हजेरीचा मोह धरू नये.

८) चटईवर अनवाणी आणि शौचालयात चपला घालूनच जावे. हा साधा नियम पाळला तरी चटई बरीच स्वच्छ राहते.

‘थांबा’ म्हणजे तत्क्षणी थांबा

प्रत्येक पद्धतीत सराव थांबविण्याची एक आज्ञा असते. कराटेत ‘यामे’, ज्युदोत ‘माते’, आपल्या तालमीत वस्तादांची हाक. ती ऐकू येताच हात जिथे असेल तिथे थांबला पाहिजे. उगारलेला ठोसा पूर्ण करण्याची मुभा नसते. यंत्रमागांच्या गल्लीत भरणाऱ्या वर्गांना येथे एक विशेष अडचण येते. शेजारच्या गाळ्यातील खडखडाटात शिक्षकांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. अशा ठिकाणी शिट्टी किंवा दिवा लावण्या-विझविण्याची खूण ठरवून घ्यावी आणि दर आठवड्यास तिची उजळणी करावी.

दुसरी खूण विद्यार्थ्याच्या हाती असते. पकड वा पेच असह्य झाला की जोडीदाराच्या अंगावर किंवा जमिनीवर दोनदा थाप मारावयाची असते. हात अडकले असतील तर पायाने आपटावे किंवा तोंडाने सांगावे. थाप पडताच पकड सोडणे हा या विद्येतील सर्वांत पवित्र नियम होय. थाप मारणे म्हणजे हार मानणे, अशी थट्टा ज्या वर्गात होते, तेथे सांधे निखळतात. गळ्याच्या पेचात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यास काही सेकंदांतच शुद्ध हरपते. म्हणून लहान मुलांना गळा आवळण्याचे व सांधा पिरगळण्याचे डाव शिकवू नयेत. घरी धाकट्या भावंडांवर ते करून पाहण्यास तर कडक मनाई असावी.

जोडी लावताना वय, वजन, उंची आणि शिक्षणाचा काळ या चारही गोष्टी पाहाव्यात. वरच्या पट्ट्याच्या विद्यार्थ्याने नवख्याबरोबर सराव करताना त्याच्या गतीने चालावे. जोरात लागल्यास लगेच थांबून क्षमा मागावी, जोडीदाराची विचारपूस करावी. राग अनावर होत असेल तर नमन करून बाजूला व्हावे. तसे करणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. हल्ल्याच्या सरावात तोंडात दंतरक्षक, हातमोजे, नडगीरक्षक आणि मुलांसाठी जांघरक्षक आवश्यक आहेत. डोक्यावरील टोपामुळे जखमा कमी होतात, मात्र मेंदूला बसणारा हादरा त्याने पूर्णपणे टळत नाही. टोप घातला म्हणून डोक्यावर जोराने मारण्याची मोकळीक मिळत नाही.

जागेचीही पाहणी हवी. गाळ्यातील लोखंडी खांबांना गाद्या गुंडाळलेल्या असाव्यात. गच्चीवर सराव असेल तर कठड्यापासून पुरेसे अंतर सोडावे. कोटा वा शहाबादी फरशीवर पातळ चटई अंथरून पाडण्याचे डाव करू नयेत. त्यासाठी जाड, घट्ट जोडलेल्या गाद्या लागतात. चटयांच्या फटीत पायाचे बोट अडकून होणाऱ्या दुखापती नेहमीच्या आहेत.

आधी पडायला शिका

ज्युदोत पहिले काही आठवडे केवळ पडण्याचा सराव करून घेतात. हनुवटी छातीला टेकवून, हात जमिनीवर आपटून, डोके वर राखून कसे पडावे हे अंगात मुरल्याशिवाय डाव शिकवू नये, यामागे कटू अनुभव आहे. जपानमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांतील ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. नागोया विद्यापीठातील संशोधक र्यो उचिदा यांनी ही आकडेवारी प्रकाशात आणली, तेव्हा ज्युदोच्या मायदेशालाही धक्का बसला. डोक्याला बसलेला मार हे त्यातील प्रमुख कारण होते आणि बळी पडलेल्यांत नवख्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे होते. पुढे शिक्षकांसाठी मार्गदर्शक नियम झाले आणि अशा घटनांत लक्षणीय घट झाली. २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कोणत्याही किमतीवर जिंकण्याचा मोठ्यांचा हट्ट लहानग्यांना घातक ठरतो, हे त्यामागील कारण होते.

डोक्याला मार लागल्यावर शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. डोकेदुखी, भोवळ, मळमळ, अंधूक दिसणे, गोंधळल्यासारखे वागणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, तोल जाणे, प्रकाश सहन न होणे ही मेंदूला हादरा बसल्याची लक्षणे आहेत. जगभर मान्य झालेला नियम सोपा आहे. शंका आली तरी मुलाला बाहेर बसवावे आणि त्या दिवशी पुन्हा सरावात घेऊ नये. पहिले २४ ते ४८ तास ताण न देता विश्रांती द्यावी, त्यानंतर टप्प्याटप्प्याने शाळा व हलका व्यायाम सुरू करावा, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस द्यावा आणि अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच करावा. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, जागे करणे कठीण होणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. कांदा हुंगविणे, तोंडात पाणी ओतणे, उभे करून चालविणे हे उपाय धोकादायक आहेत.

उन्हाळा, पाणी आणि वजन

पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत सराव करणे म्हणजे भट्टीत उभे राहण्यासारखेच. शहरातील दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. सराव सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर ठेवावा आणि दर १५ ते २० मिनिटांनी पाणी पिण्याची सुट्टी द्यावी. ‘पाणी मागणे ही कमजोरी’ हा जुना समज सोडून द्यावा. घाम येणे थांबून अंग तापणे, बरळणे, चक्कर येऊन पडणे ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा वेळी मुलाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षा म्हणून शेकडो बैठका वा उठाबशा काढायला लावण्याची प्रथाही घातक आहे. जुने पैलवान हजाराच्या घरात बैठका मारीत, हे खरे. पण ती संख्या त्यांनी वर्षानुवर्षे वाढवीत नेलेली असे. सवय नसलेल्या मुलाकडून एकाच दिवशी तसे करवून घेतल्यास स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्य रक्तात मिसळते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. अतोनात स्नायुदुखीबरोबर लघवीचा रंग गडद तपकिरी झाल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.

स्पर्धेसाठी एकदम वजन उतरविणे हा आणखी एक धोका. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण झपाट्याने वजन घटविताना मृत्युमुखी पडले आणि तेथील नियम बदलावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीच्या सकाळी अवघे १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. रात्रभर घाम गाळूनही ते वजन उतरले नव्हते. प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर दिमतीला असलेल्या खेळाडूची ही स्थिती, तर शाळकरी मुलाला उपाशी ठेवून, रेनकोट घालून पळविणे किती धोक्याचे असेल, हे सांगण्याची गरज नाही. वाढत्या वयातील मुलाने आहे त्या वजनाच्या गटातच खेळावे. व्यायामशाळेत कोणी दिलेली भुकटी वा इंजेक्शन तर कदापि घेऊ नये.

कातडी आणि कान

एकाच चटईवर अनेक अंगे घासली जातात, तेव्हा गजकर्ण, नायटा, पुवाचे फोड, नागिणीच्या जातीचे पुरळ झपाट्याने पसरतात. सरावानंतर लगेच साबणाने आंघोळ करावी, टॉवेल व पाण्याची बाटली एकमेकांत वापरू नये, चटया रोज जंतुनाशकाने पुसाव्यात. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मिश्र मलम आणून लावू नये. त्यातील स्टेरॉइडमुळे नायटा दबल्यासारखा वाटतो आणि पुढे चिवट बनतो. फुटलेला कान हे पैलवानाचे भूषण मानले जाते. प्रत्यक्षात ती कानाच्या कूर्चेजवळ साकळलेल्या रक्तामुळे आलेली विकृती असते. कान सुजताच डॉक्टरांकडून रक्त काढून घेतल्यास ती टळू शकते.

फरशा, ट्यूबलाइट आणि आगीची कडी

स्नेहसंमेलनात वा मिरवणुकीत मुलांच्या डोक्यावर कौले फोडणे, पाठीवर ट्यूबलाइट आपटणे, हातावरून मोटारसायकल नेणे, पेटत्या कडीतून उड्या मारणे असे प्रकार आजही पाहावयास मिळतात. टाळ्या मिळतात, पण त्यातून विद्या वाढत नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या नाजूक असतात. तेथे इजा झाल्यास हाड वाकडे वाढू शकते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो आणि तिच्या काचेचा भुगा डोळ्यांत व श्वासात जातो. अशा प्रात्यक्षिकाला पालकांनी स्पष्ट नकार द्यावा. त्याबद्दल मुलाला कमी लेखणारा वर्ग सोडलेलाच बरा.

पट्ट्यांच्या बाबतीतही विवेक हवा. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच आरंभीची पायरी असा आहे. ठरावीक महिन्यांत पट्टा मिळण्याची हमी देणारी जाहिरात शिक्षणापेक्षा परीक्षा शुल्काकडे अधिक लक्ष असल्याचे सुचविते. पट्टा घाईने मिळालेल्या मुलाला आपल्या कौशल्याचा चुकीचा अंदाज येतो आणि तोच त्याला रस्त्यावर अडचणीत आणतो.

गुरूचीही मर्यादा असते

शिष्टाचार केवळ शिष्यांसाठी नाही. शिक्षकाने आज्ञा द्यावी आणि शिष्याने निमूट ऐकावी, या नात्यात गैरफायद्याला वाव राहतो. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामांकित महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा क्रीडाक्षेत्रातील हा प्रश्न सर्वांसमोर आला. डाव दाखविताना स्पर्श अपरिहार्य असतो. म्हणून शिक्षकाने आधी सांगावे, विचारावे आणि शक्यतो सर्वांसमोर दाखवावे. मुलींच्या वर्गात महिला प्रशिक्षक किंवा महिला सहायक असावी. एकट्या मुलाला बंद खोलीत शिकविणे, रात्री-अपरात्री खासगी संदेश पाठविणे, स्पर्धेच्या गावी एकाच खोलीत उतरणे, मालिश करवून घेणे हे प्रकार पूर्णतः वर्ज्य मानावेत. वर्ग चालू असताना पालकांना पाहण्याची मुभा असावी. ‘पालकांना प्रवेश नाही’ अशी पाटी दिसल्यास कारण विचारावे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजेच ‘पोक्सो’, येथे लागू होतो. त्याखालील २०२० च्या नियमांनुसार मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी, क्रीडा प्रबोधिनींसह, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे बंधनकारक आहे. अपराध घडल्याची माहिती असूनही पोलिसांना न कळविणे हाच कायद्याने गुन्हा ठरतो. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. मुलांना मारहाण करणे, क्रूरपणे वागविणे हाही बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली अपराध आहे. ‘सरांनी शिस्तीसाठी काठी मारली’ या शब्दांनी त्यावर पांघरूण घालता येत नाही.

मुलांनाही एक गोष्ट सोप्या शब्दांत सांगून ठेवावी. गुरूंचा आदर करावयाचा, पण जो स्पर्श नकोसा वाटतो, जे गुपित आईवडिलांपासून लपवावयास सांगितले जाते, ते त्याच दिवशी घरी सांगावयाचे. तसे सांगणे म्हणजे गुरुद्रोह नव्हे.

वर्गाबाहेरचे वर्तन

शिकलेले डाव शाळेत, गल्लीत, रिक्षा स्टँडवर दाखवून पाहू नयेत. कायद्याने प्रत्येकाला स्वसंरक्षणाचा अधिकार दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे. मात्र त्याला मर्यादा आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढ्याच बळाचा वापर करता येतो आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तेथे हा अधिकार लागू होत नाही. हल्लेखोर खाली पडल्यानंतर किंवा पळून जात असताना त्याला मारणे हे स्वसंरक्षणात मोडत नाही. अंतर राखणे, ओरडून लोकांना बोलावणे, पळ काढणे हेच स्वसंरक्षणाचे पहिले तीन धडे होत. पाकीट वा मोबाइल वाचविण्यासाठी चाकूसमोर उभे राहू नये.

लाठी, नानचाकू, बाना, तलवार यांचा सराव करणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. सण-उत्सव, निवडणुका अशा प्रसंगी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढले जातात व त्या काळात लाठ्या-काठ्या, शस्त्रे बाळगून फिरण्यास बंदी असते. साधने वर्गातच कुलपात ठेवावीत. न्यावीच लागल्यास बंद पिशवीत, मोठ्या माणसाच्या सोबतीने आणि आदेश लागू नसल्याची खात्री करूनच न्यावीत.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

शिक्षकांचे प्रशिक्षण कोठे झाले व ते कोणत्या संघटनेशी संलग्न आहेत? ती संघटना राज्य वा राष्ट्रीय पातळीवर मान्यताप्राप्त आहे काय? क्रीडागुणांची सवलत सांगितली जात असल्यास जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून खात्री केली काय? एका शिक्षकामागे मुले किती? प्रथमोपचार कोणाला येतात व पेटी कोठे असते? दुखापतींची नोंदवही आहे काय? परीक्षा, गणवेश व स्पर्धा यांचे एकूण शुल्क लेखी मिळेल काय? पोलीस पडताळणी झाली आहे काय? चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. किमान दोन वर्ग प्रत्यक्ष बसून पाहावेत. मुले थकलेली पण प्रसन्न दिसतात की घाबरलेली, एवढ्यावरून बरेच कळते.

प्रसंग ओढवल्यास

प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर पुढील क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत. रुग्णवाहिका १०८, पोलीस व अन्य तातडीची मदत ११२, बालकांसाठी साहाय्य १०९८. शहरात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. वाहतूक कोंडीच्या वेळी तेथे वा जवळच्या खासगी रुग्णालयात कोणत्या रस्त्याने जावे, हे शिक्षकांनी आधीच ठरवून ठेवावे.

मान वा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर मुलाला हलवू नये. हाड मोडल्याचे वाटल्यास चोळणे, ओढणे, हाडवैद्याकडे नेणे टाळावे. फळी वा जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन अवयव स्थिर करावा. नाकातून रक्त आल्यास डोके मागे न झुकविता किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरावा. पडलेला कायमचा दात मुळाकडून न धरता वरच्या भागाने उचलावा, दुधात ठेवावा आणि तासाभरात दंतवैद्यांकडे पोहोचावे.

ज्या वर्गात मूल पहिल्या महिन्यात नमन करायला, पडायला, थाप मारायला आणि ‘थांबा’ ऐकताच थांबायला शिकते, तेथे पुढचे डावही नीट शिकविले जातील, अशी अपेक्षा पालकांनी ठेवण्यास हरकत नाही. ज्या वर्गात या चार गोष्टींना वेळ नाही, तेथील भिंतीवर कितीही चषक मांडलेले असोत, मुलाला पाठविण्यापूर्वी दोनदा विचार करावा.